समोरून गाडी आली का?

माझी एक मैत्रीण भूलतज्ज्ञ आहे. एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संस्थेतर्फे ती मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात काम करून आली. ऑपरेशन थिएटरबद्दल विचारलं की दोन वाक्यांत आटपायची. ड्रायव्हरचा विषय निघाला की मात्र तिला थांबवावं लागायचं. "दौऱ्यावर निघायचं की नाही, हे तिथे कोण ठरवतं?" असं मी एकदा विचारलं. "कागदावर प्रकल्पप्रमुख," ती म्हणाली, "पण ड्रायव्हरने किल्ली खिशात टाकली की प्रकल्पप्रमुखही गपचूप खुर्चीत जाऊन बसतो." ते वाक्य डोक्यातून जाईना. ती किल्ली खिशात टाकणारा माणूस काय बघतो, काय ऐकतो, हे पाहायला मी बांगीला गेले.

हा देश आफ्रिकेच्या अगदी मधोमध आहे. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या दुप्पट आणि लोकसंख्या पन्नास लाखांच्या थोडी वर. एकट्या पुणे जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेत 94 लाख माणसं होती. समुद्र नाही, रेल्वे नाही. 13 ऑगस्ट 1960 ला फ्रान्सपासून स्वातंत्र्य मिळालं. 1966 सालाच्या तोंडावर बोकासा यांनी लष्कराच्या जोरावर सत्ता घेतली, 1977 मध्ये स्वतःला सम्राट म्हणून मुकुट चढवून घेतला आणि 1979 मध्ये त्यांची सत्ता गेली. त्यानंतर 1981, 2003 आणि 2013 मध्ये पुन्हा बंदुकीनेच सत्ता बदलली. 2013 च्या मार्चमध्ये 'सेलेका' या बंडखोर आघाडीने राजधानी ताब्यात घेतली, तिच्याविरुद्ध 'अँटी-बालाका' टोळ्या उठल्या आणि शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांची घरं जाळली. 2014 पासून संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना तिथे आहे, 2018 पासून रशियन भाडोत्री सैनिकही आहेत. पाश्चात्त्य सरकारांच्या प्रवासी सूचनांमध्ये हा देश वर्षानुवर्षं 'जाऊ नका'च्या यादीत आहे.

तरीही तिथे रोज कुणी ना कुणी जातं. परिचारिका जातात, बोअरवेल खोदणारे जातात, लशींचे खोके घेऊन माणसं जातात, हत्तींचे अभ्यासक जातात. सल्ल्याच्या प्रत्येक पानावर त्यांच्यासाठी एक ओळ असते: 'खात्रीचा स्थानिक चालक घ्यावा.' पुढच्या ओळीत मच्छरदाणी येते. मला त्या पहिल्या ओळीपाशी थांबायचं आहे.

तयारीचं आधी सांगून टाकते, कारण ज्यांना जावं लागतं त्यांना ते लागेल. पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रात घ्यायची, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी. पिवळं कार्ड त्यानंतरच ग्राह्य होतं. तिकडे उतरताना ते तपासतात आणि परत येताना आपल्याकडेही तपासतात. कार्ड नसेल तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागतं. मलेरिया जीवघेण्या जातीचा आहे, त्यामुळे डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळ्या आधीपासून सुरू करायच्या. नदीत उतरायचं नाही. रस्त्याकडेला धुरावलेलं माकडाचं किंवा हरणाचं मांस टांगलेलं दिसतं, त्याला हात लावायचा नाही. त्या भागात एमपॉक्स अधूनमधून डोकं वर काढतो. लष्करी छापाचे कपडे, खाकीसुद्धा, घरी ठेवायचे. पूल, विमानतळ, सरकारी इमारत, गणवेशातला माणूस यांचा फोटो काढायचा नाही. पैसे रोख न्यायचे, आणि शक्यतो युरो, कारण तिथला सीएफए फ्रँक युरोशी पक्का बांधलेला आहे: एका युरोला 655.957. फ्रँकही मध्य आफ्रिकेचाच हवा. सेनेगल किंवा आयव्हरी कोस्टची नोट त्याच नावाची असली तरी बांगीत चालत नाही. भारताचा दूतावास बांगीत नाही, तेव्हा आपला मार्ग आणि तारखा घरच्यांकडे लिहून ठेवायच्या.

आणि विमा. साधी प्रवासी पॉलिसी अशा देशाला बहुधा वगळते. वेगळी घ्यावी लागते, जिच्यात आजारी किंवा जखमी माणसाला विमानाने बाहेर काढण्याचा खर्च असतो. मी ती घेतली. पॉलिसीवर एकच नाव होतं, माझं. तेव्हा त्यात काही खटकलं नाही.

बांगीचा म्पोको विमानतळ लहान आहे. 2014 मध्ये या धावपट्टीच्या कडेला, मोडक्या विमानांच्या पंखांखाली, एक लाखाच्या आसपास माणसं ताडपत्र्या टाकून राहत होती. ती वस्ती 2017 च्या सुरुवातीपर्यंत हलवली गेली. आज तिथे गवत आहे. बाहेर माझे चालक उभे होते. पन्नाशी ओलांडलेले, किडकिडीत, इस्त्रीचा चौकटीचा शर्ट, डोक्यावर तपकिरी टोपी. त्यांचं नाव मी इथे देत नाही. रस्त्यावर ज्यांच्याशी त्यांना रोज बोलावं लागतं, त्यातल्या कुणाच्या हाती हा मजकूर पडू नये इतकंच. सगळे त्यांना 'पापा' म्हणतात, मीही तेच म्हणत होते. ते मला 'मादाम' म्हणत. पुण्यात शिकलेलं माझं फ्रेंच आणि त्यांचं संथ, सांगो भाषेच्या लयीतलं फ्रेंच, यांवर आमचं छान निभावलं.

आम्हाला बायांगाला जायचं होतं. देशाच्या नैऋत्य टोकाला, झांगा-सांघाच्या जंगलात, बांगीपासून सुमारे 500 किलोमीटर. लहान विमान भाड्याने मिळतं, पण मला रस्ता हवा होता. वायव्येकडे, बुआरच्या पलीकडे जायचा विचार मी बोलून दाखवला तेव्हा पापांनी फक्त मान हलवली. तिकडे 2021 पासून रस्त्यांत सुरुंग पेरले गेले आहेत. "माणूस समोर असला तर त्याच्याशी बोलता येतं," ते म्हणाले. "जमिनीशी काय बोलणार?"

त्यांचं काम आदल्या संध्याकाळी सुरू झालं. अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून, मांडीवर चौकटींची वही, हातात दोन सिमकार्डांचा फोन. वीज गेली होती. बांगीची बरीचशी वीज बोआलीच्या धबधब्यावरून येते आणि शहराला पुरत नाही. मोबाइलच्या उजेडात त्यांनी वाटेवरच्या गावांत एकामागून एक फोन लावले. म्बाईकीचा एक बसवाला. बोडाला बाटल्यांतून पेट्रोल विकणारी एक बाई. तिथल्या कॅथलिक मिशनमधल्या सिस्टर. नोलाचा लाकडाच्या ट्रकवरचा एक मोटर-बॉय, म्हणजे आपल्याकडचा क्लीनर. प्रत्येक फोनचा पहिला भाग सारखाच: बायको कशी आहे, मुलीचा ताप उतरला का, छपराचे पत्रे बसले का. रस्त्याचा प्रश्न शेवटी, आणि तोही आडून. "आज तुमच्याकडे बाजार भरला होता का?" बाजार भरला असेल तर रस्ता चालू आहे. सिस्टरना त्यांनी विचारलं, शाळेत मुलं किती आली होती. उत्तर वहीत लिहिलं.

मी विचारलं, शांतिसेनेच्या किंवा सरकारच्या बातम्या बघत नाही का? बघतात. "पण त्या काल काय झालं ते सांगतात," पापा म्हणाले. "मला उद्या सकाळचं हवं असतं."

पहाटे पाचला निघालो. जाताना त्यांनी मला त्यांचा नियम सांगितला, आणि पुढचा सगळा प्रवास मी त्या आकड्याला धरून केला: वीस मिनिटं. म्बाईकीपर्यंतच्या डांबरी रस्त्यावर वीस मिनिटांत समोरून एकही गाडी आली नाही, तर पुढच्या गावात थांबायचं. विचारायचं. समोरून गाडी येते आहे म्हणजे पुढचा रस्ता कुणीतरी नुकताच पार केला आहे. म्बाईकीच्या पुढे कच्चा रस्ता आणि वर्दळ कमी, तिथे हाच नियम एक तासाचा. मोटारसायकल धरायची, पण एकटा तरुण असेल तर नाही. मागे बाई किंवा कोंबड्यांची टोपली असेल तर धरायची.

शहराची हद्द 'पीके 9' ला संपते. बांगीत अंतरं केंद्रापासूनच्या किलोमीटरनी ओळखली जातात: पीके 5 ही व्यापाऱ्यांची मुस्लिम वस्ती, पीके 12 हे उत्तरेकडचं नाकं, पीके 9 हे आमच्या बाजूचं. रस्त्यावर आडवा बांबू, एका टोकाला दगड बांधलेला, दुसऱ्या टोकाला दोरी आणि दोरी धरून बसलेला एक मुलगा. इथे मी पापांचं काम पहिल्यांदा जवळून पाहिलं.

नाकं दोनशे मीटरवर असताना त्यांनी वेग कमी केला. रेडिओ बंद. चारही काचा पूर्ण खाली. काळा चष्मा खिशात. मग उजव्या हाताने टोपी काढली, डॅशबोर्डवर उताणी ठेवली. गाडी बांबूच्या पुरेशी अलीकडे उभी केली, इंजिन बंद केलं, किल्ली काढून त्या उताण्या टोपीत टाकली. दोन्ही हात स्टीअरिंगवर, बोटं पसरलेली. नाक्यावरचा माणूस येईपर्यंत ते तसेच बसून राहिले, आणि तो आल्यावर पहिला शब्द पापांचाच होता: "बालाओ." नमस्कार. मग रात्रपाळी होती का, थंडी होती का, चहा झाला का.

कागद रबरबँडने बांधलेले होते आणि क्रम ठरलेला होता. वर 'ऑर्द्र द मिसिओं', म्हणजे कोण, कुठे, कशासाठी चाललं आहे याचं शिक्क्याचं पत्र. या देशात माणसाच्या चेहऱ्यापेक्षा त्या गोल शिक्क्याकडे आधी बघतात. खाली गाडीचे कागद, त्याखाली माझ्या पासपोर्टची छायांकित प्रत. मूळ पासपोर्ट माझ्याच अंगावर. कागद झोपडीत घेऊन जायला कुणी निघाला की पापा दार उघडून त्याच्याबरोबर चालू लागत, घाई न करता, काहीतरी बोलत. कागद त्यांच्या नजरेआड एकदाही गेले नाहीत.

ती टोपी आणि तिच्यातली किल्ली मला अजून दिसते. मी नंतर विचारलं. ते म्हणाले, "त्याला दिसलं पाहिजे की मी पळणार नाही. तोही घाबरलेला असतो, मादाम. त्याला बंदूक दिलेली असते, पगार दिलेला नसतो."

2017 मध्ये युरोपातल्या दोन संशोधन संस्थांनी या देशातली नाकी मोजली, ती 284 भरली. काही सरकारी, काही सशस्त्र गटांची. एकाच सरकारी नाक्यावर पोलीस, जोंदार्म (निमलष्करी पोलीस), जंगल खातं, नगरपालिका अशी वेगवेगळी टेबलं असू शकतात आणि प्रत्येक टेबलाचं वेगळं चहापाणी. मी या चहापाण्याकडे तत्त्वाच्या कठोर नजरेने बघत गेले होते. पापांचा हिशोब पाहून ती नजर टिकली नाही. पैसे त्यांनी फार थोड्या ठिकाणी दिले. बाकी ठिकाणी वेळ दिला. झोपडीसमोरच्या बाकावर बसले, शेंगदाणे घेतले, अर्धे त्या शिपायाला दिले, एकाच्या मोटारसायकलची चेन बसवून दिली. मी घड्याळाकडे बघत असे. ते म्हणत, "वीस मिनिटं. वीस मिनिटं दिली की तो मला परत येताना ओळखतो." आकडा तोच होता. रस्त्यावर वीस मिनिटं ऐकायची, नाक्यावर वीस मिनिटं द्यायची.

पीके 9 नंतर रस्त्याच्या दोन्ही कडांना पांढरं काहीतरी पसरलेलं दिसू लागलं आणि वास आला. आंबूस, खमंगपणाच्या जवळ जाऊन मागे फिरणारा. कसावा. हाच कंद, ज्याच्यापासून आपल्याकडचा साबुदाणा होतो. कडवट जातीत विषारी द्रव्य असतं, म्हणून तो काही दिवस पाण्यात भिजत घालतात, आंबू देतात, मग तुकडे करून गरम डांबरावर वाळवतात आणि कुटून पीठ करतात. इथल्या घरांतलं रोजचं अन्न तेच. मला तो वास पहिल्या तासात नकोसा झाला. पापांनी काच आणखी खाली केली.

"हा वास आहे तोवर ठीक," ते म्हणाले. कसावा वाळत घालणं म्हणजे दिवसभर घरीच राहण्याचा बेत. गाव पळण्याच्या तयारीत असेल तर कुणी कसावा रस्त्यावर टाकत नाही. ओला, सुका, जसा असेल तसा पोत्यात भरून डोक्यावर घेतात. 2013-14 मध्ये त्यांनी अशी गावं पाहिली होती, दारं उघडी, चुलीत राख आणि डांबर स्वच्छ. एवढं सांगून ते गप्प झाले. त्यानंतर मी डोळ्यांपेक्षा नाकानेच रस्ता बघू लागले.

सुमारे साठ किलोमीटरवर बेरेंगो लागलं, बोकासांचा राजवाडा. आता तिथे लष्करी तळ आहे. 2018 मध्ये रशियन प्रशिक्षकांनी इथेच बस्तान बसवलं. पापांनी आधीच सांगितलं होतं, इथे फोन पायापाशी ठेवा, स्क्रीन बंद, मान सरळ. पुढे बोबांगी, देशाचे पहिले मोठे नेते बार्थेलेमी बोगांडा यांचं गाव. बोगांडा 1959 मध्ये विमान अपघातात गेले, स्वातंत्र्याच्या आधीच. 'झो क्वे झो', प्रत्येक माणूस हा माणूसच, हे त्यांचं वाक्य देशाच्या मुद्रेवर आहे. पापांनी तिथे हॉर्न हलकेच वाजवला, आपल्याकडे घाटातल्या देवीला वाजवतात तसा.

म्बाईकीला डांबर संपलं. तांबडी माती सुरू झाली, आणि पापांचा नियम वीस मिनिटांवरून एका तासावर गेला.

पूर्वी ते ट्रक चालवायचे, कॅमेरूनच्या दुआला बंदरातून बांगीला. या देशाचं मीठ, सिमेंट, औषधं, सगळं मुख्यतः त्याच रस्त्याने येतं. डिसेंबर 2020 मध्ये निवडणुकीच्या तोंडावर बंडखोरांची नवी आघाडी उभी राहिली, 13 जानेवारी 2021 ला राजधानीच्या वेशीवर हल्ला झाला आणि तो रस्ता बंद पडला. सीमेवर गारुआ-बुलाईला शेकडो ट्रक अडकले. पापा त्यांत होते. फेब्रुवारीत शांतिसेनेच्या बंदोबस्तात पहिले ट्रक सुटले तोवर त्यांच्या मालकाने अडकलेल्या दिवसांचा पगार कापला होता. "माल कुजला त्याची भरपाई मालकाला मिळाली," एवढंच ते बोलले. त्यानंतर त्यांनी ट्रक सोडला.

बोडाच्या पुढे जंगल दोन्ही बाजूंनी जवळ आलं. बोडा हे हिऱ्यांचं गाव. नदीकाठच्या खड्ड्यांत चाळण घेऊन उभी माणसं दिसतात. दुपार झाली होती. मी घड्याळ बघत होते कारण आता मलाही ते काम लागलं होतं. समोरून शेवटची गाडी, एक मोटारसायकल, मागे बाई, बाईच्या मांडीवर बोकड, येऊन पन्नास मिनिटं झाली होती. मग पंचावन्न. मग तास. आणि मी मान वळवून पाहिलं, तर कडेला पांढरं काही नव्हतं. वासही नव्हता.

पापांनी काही न बोलता पुढच्या गावात गाडी थांबवली. पंधरा-वीस झोपड्या, एक आंब्याचं झाड. गाडीचं तोंड आलो त्या दिशेला फिरवून त्यांनी इंजिन बंद केलं. टोपी काढली. मला आतच बसा म्हणाले आणि झाडाखाली गेले. तिथे एक म्हातारी बसली होती. ते तिच्यासमोर उकिडवे बसले, तिच्यापेक्षा खाली. मी काचेतून बघत होते. दोघं बोलत होती, ती हाताने काहीतरी उलटं करून दाखवत होती, पापा जमिनीकडे बघत मान हलवत होते. एक मूल येऊन त्यांच्या गुडघ्याला टेकून उभं राहिलं. माझ्या तोंडाला कोरड पडली होती, आणि गाडीत पाण्याच्या बाटल्या असून त्या घ्याव्यात हे सुचत नव्हतं.

परत आले ते हसत. लाकडाचा एक ट्रक पुढे वळणावर आडवा झाला होता, म्हणून समोरून कुणी नव्हतं. आणि कसावा? त्यांनी आभाळाकडे बोट केलं. नैऋत्येला काळं झालं होतं. बायकांनी पाऊस येणार म्हणून सगळा आत घेतला होता.

म्हणजे दोन्ही खुणांची कारणं अगदी साधी निघाली. पण ती साधी आहेत हे गाडीत बसून कळायला मार्ग नव्हता. ते कळून घेणं, खाली उतरून, टोपी काढून, म्हातारीपुढे उकिडवं बसून, हेच या माणसाचं काम आहे. त्यांच्या लेखी तो प्रसंग घडलाच नव्हता. त्यांनी वहीत एक शब्द लिहिला: ट्रक.

पाऊस अर्ध्या तासात आला. कच्च्या रस्त्यांवर इथे 'पावसाचं नाकं' असतं. सर पडली की फळी आडवी टाकतात आणि माती सुकेपर्यंत जड गाड्या सोडत नाहीत, नाहीतर चाकं रस्ता नांगरून टाकतात. आमची गाडी हलकी, तिथल्या पोराला थोडे पैसे दिले असते तर त्याने सोडलं असतं, त्याने तसं सुचवलंही. पापा थांबले. "हा रस्ता मला पुढच्या आठवड्यातही लागणार आहे," ते म्हणाले. वेळ गेला, आणि इथे साडेपाच-सहाला अंधार पडतो. अंधारात ते गाडी चालवत नाहीत. जुलै 2018 मध्ये सिबूटच्या पुढे तीन रशियन पत्रकार मारले गेले, ते रात्रीच्या रस्त्यावरच. आम्ही मागे फिरून बोडाच्या मिशनमध्ये मुक्काम केला. मला सिस्टरनी खोली आणि मच्छरदाणी दिली. पापा गाडीत झोपले. मी खोलीचं विचारलं तेव्हा त्यांनी गाडीच्या छपरावर थाप मारली: आत दोन बिदों, म्हणजे कॅन, डिझेल आहे, ते सोडून कुठे झोपू? डिझेल बाटलीने विकलं जातं अशा देशात ते बरोबरच होतं. तरी पहाटे मी त्यांना मान धरून गाडीतून उतरताना पाहिलं आणि मला माझी पॉलिसी आठवली.

बायांगाला दुसऱ्या दिवशी पोचलो. झांगा-बाई या जंगलातल्या मोकळ्या, खाऱ्या माळावर संध्याकाळी वनहत्ती येतात, एका वेळी पन्नास-शंभरसुद्धा. अमेरिकन संशोधक आंद्रेया टर्कालो 1990 पासून अनेक वर्षं तिथे बसून एकेक हत्ती कानावरून ओळखत होत्या. 2013 च्या मे महिन्यात शिकाऱ्यांनी त्याच माळावर 26 हत्ती मारले. मी मचाणावर बसले, हत्ती पाहिले, ते फार सुंदर होते. पण त्यांच्यावर इतरांनी पुष्कळ लिहिलं आहे आणि मला त्या वेळी खाली उभ्या गाडीची आठवण येत होती.

परतीच्या वाटेवर मी पापांना सरळ विचारलं: मला काही झालं तर विमान येईल, तुम्हाला झालं तर? त्यांनी विचार केला. "सिस्टर आहेत," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "मुलगा मोठा आहे."

मदतसंस्थांच्या कामात जगभर जी माणसं मारली जातात, जखमी होतात, पळवली जातात, त्यांतले बहुतेक जण त्या त्या देशातलेच कर्मचारी असतात. एप्रिल 2014 मध्ये या देशातल्या बोगिला गावच्या रुग्णालयावर हल्ला झाला. त्यात मदतसंस्थेचे तीन कर्मचारी गेले, तिघंही मध्य आफ्रिकी. मोठ्या संस्था आपल्या नोकरीतल्या चालकांना काही ना काही संरक्षण देतात. पण पापांसारखे, दिवसाच्या बोलीवर गाडी नेणारे, कुणाच्याच यादीत नसतात. माझ्यासारखे लोक लेख लिहितात, छायाचित्रं काढतात, हत्ती पाहून येतात आणि 'खात्रीचा स्थानिक चालक घ्यावा' असा सल्ला पुढच्याला देतात. त्या सल्ल्यात चालकाची खात्री मागितलेली आहे. त्याला कसली खात्री दिली जाते, ते कुठल्याच पानावर मला सापडलं नाही. हे मला अन्यायाचं वाटतं आणि ते तसंच लिहिते.

म्हणून अशा देशात कामानिमित्त निघणाऱ्या माझ्या वाचकांना, आणि असे आपल्यात आता कमी नाहीत, डॉक्टर आहेत, अभियंते आहेत, शांतिसेनेत जाणारे आहेत, एक विनंती. गाडीचा दर ठरवताना चालकाच्या मुक्कामाचे, जेवणाचे आणि वाटेत अडकलेल्या प्रत्येक दिवसाचे पैसे त्यात धरा, आणि ते मालकाच्या नव्हे, त्याच्या हातात द्या. विमा कंपनीला विचारा की स्थानिक चालकाला संरक्षण मिळतं का. नाही म्हणाले तर त्याच्या इलाजाची रक्कम निघण्यापूर्वी बाजूला काढून ठेवा. त्याच्या घरचा फोन नंबर लिहून घ्या, जसा तुमचा तो घेतो. आणि तो म्हणाला आज नाही, तर त्या दिवसाचे पूर्ण पैसे द्या आणि निघू नका.